निम्मं मिळालं, पुरे

माझी नात चौथीत गेली, त्याच वर्षी तिच्या भाषेच्या पुस्तकात तिचे आजोबा आले.

"आजी, आजोबा शेवटी काय म्हणाले, एका वाक्यात सांग," ती म्हणाली. मी भांडी विसळत होते. "धड्याखालचा पहिलाच प्रश्न आहे."

"धड्यात काय लिहिलंय?"

तिने सूर लावून वाचले. "'माझ्यावरून पाय देऊन जा, पण मागे फिरू नका,' असे म्हणून त्या वीराने डोळे मिटले."

"खोटं आहे."

"खोटं कसं असेल? छापलंय की!"

"मीही तिथं होते. तुझे आजोबा म्हणाले, 'निम्मं मिळालं. पुरे. त्याला सांग, मिटव आता.' आणि मोठ्यानं नाही म्हणाले. नुसते ओठ हलवले."

"एवढंच?" ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. कुणीतरी मोठी बाहुली देतो म्हणून लाकडाचा चमचा हातात ठेवावा, तसा.

दारात माझा मुलगा उभा होता. इस्त्री केलेला सदरा हातात, अंगात बनियन. "आई, पोरीच्या डोक्यात काहीही भरवू नकोस."

"मी कुठं भरवतेय? तुझ्या काकांनी भरवलंय ते काढतेय."

"रविवारी काका उमेदवार म्हणून माझं नाव जाहीर करणारेत. बाबांच्या पुतळ्यासमोर, सगळ्या गावासमोर. तुला स्टेजवर बसायचंय, आणि दोन वाक्यं बोलायचीयेत. त्या दुसऱ्या पक्षाच्या पेपरवाल्यानं काय छापलंय वाचलंस ना?"

वाचले होते. त्याने लिहिले होते की हुतात्म्याचे ते शेवटचे वाक्य बनावट आहे. आणि खाली विचारले होते, मग त्याची विधवा इतकी वर्षे गप्प का?

मी आणि गप्प! या माणसाने आमच्या गल्लीत येऊन कुणालाही विचारले असते तर कळले असते. नवरा गेला त्या संध्याकाळपासून मी हेच सांगते आहे. धाकट्या दिराला सांगितले, युनियनच्या सभेत सांगितले, शेजारणींना सांगितले, दळणाच्या रांगेत सांगितले. लोक ऐकून घेत, माझ्या पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, बिचारीच्या मनावर परिणाम झालाय.

*

आमचा खिळ्यांचा कारखाना होता. म्हणजे मालकाचा, आम्ही त्यात होतो. एका बाजूने तारेचे भेंडोळे यंत्रात जायचे, यंत्र तार तोडायचे, एका ठोक्यात डोके करायचे, दुसऱ्या ठोक्यात टोक, आणि खाली खिळ्यांचा पाऊस पडायचा. अशी यंत्रे ओळीने, भिंतीपासून भिंतीपर्यंत. माझा नवरा तार चढवायचा, म्हणून त्याला सगळे तारवाला म्हणत. मी आणि भुशी पलीकडे पिंपांवर होतो. ताजे खिळे लाकडाच्या भुशाबरोबर पिंपात घालून घुसळायचे, म्हणजे तेल निघून ते लखलखीत होतात. भुशीच्या केसांत, भुवयांत, कानांत कायम तो भुसा असायचा. खरे नाव काय होते ते तीही विसरली असावी.

त्या आवाजात माणसाचा आवाज म्हणजे काहीच नाही. ओरडून घसा गेला तरी शेजारच्याला पत्ता लागत नसे. म्हणून आम्ही सगळे ओठांनी बोलायचो. आवाज न काढता तोंड मोठे उघडून, शब्द दातांवर नीट आपटून. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला तिच्या सासूची अख्खी कथा सांगत असे. मुकादमाला शिव्या देण्याची सोय तर अशी, की तो समोर उभा राहून मान डोलवायचा. पुढे पुढे सवयच लागली. घरीसुद्धा कुणी घाबरले, चिडले, घाई झाली, की आवाज आपोआप बंद आणि ओठ चालू. माझे आणि नवऱ्याचे पहिले भांडण शेजारच्यांना आठवडाभर कळले नाही.

संप माझ्या दिराने, म्हणजे भाऊजींनी, पुकारला होता. ते कारखान्यात कधी नव्हते. चार बुके शिकलेले, छापखान्यात नोकरी, अक्षर सुंदर, बोलणे त्याहून सुंदर. थोरल्या भावाने तार ओढून त्यांना शिकवले. मागण्या वाजवी होत्या, तेव्हा मीही घोषणा दिल्या. पण चार महिने झाले, घरोघरी चुली थंड पडल्या, आणि मालक म्हणाला की मी एकाच माणसाशी बोलेन, तारवाल्याशी. कारण तारवाला कधी ओरडत नसे.

तो सकाळी आत गेला. आम्ही बायका रस्त्यापलीकडे शाळेच्या भिंतीशी उभ्या होतो. मुलगा माझ्या कडेवर, दोन वर्षांचा. गेटसमोर पुरुषांची गर्दी, मध्ये पोलीस. दुपार व्हायच्या आत गेटातले छोटे दार उघडले आणि तो बाहेर आला. गर्दीचा इतका गलका झाला की त्याने आवाज काढलाच नाही. तिथे पडलेल्या एका पिंपावर तो चढला, डोक्यांवरून मला शोधले आणि ओठांनी सांगितले: निम्मं मिळालं. पुरे. त्याला सांग, मिटव आता.

त्याला म्हणजे भाऊजींना. मी मान हलवली. माझ्या शेजारी भुशीने वाचले. आणखी दोघींनी वाचले. त्या दोघी आता नाहीत. पुरुष त्याच्या पायाशी आणि पाठीशी होते, त्यांना दिसले ते फक्त हलणारे तोंड. मग कुणीतरी दगड मारला. कुणी, ते आजवर कळले नाही. गोळ्या सुटल्या आणि तो पिंपावरून खाली गेला.

त्या संध्याकाळी मी भाऊजींना शब्दन्‌शब्द सांगितले. ते भिंतीला टेकून बसले होते, हातांना शाई लागलेली. तिसऱ्या दिवशी सभा झाली. तिथे मी पहिल्यांदा ऐकले की माझा नवरा 'माझ्यावरून पाय देऊन जा' असे म्हणाला. तोंड हलताना सगळ्यांनी पाहिले होते, ऐकले कुणीच नव्हते. त्या तोंडात कोणतेही वाक्य बसत होते. हे बसले.

संप आणखी आठ महिने चालला. मालकाने यंत्रे विकली आणि जागा विकली. कामगार कुठे कुठे गेले. भाऊजी तुरुंगात गेले, तिथे त्यांनी पुस्तक लिहिले, पुस्तक घेऊन बाहेर आले, आणि त्या पुस्तकावर पाय ठेवून थेट मंत्रालयात चढले.

*

मी अक्षरे शिकले ती म्हातारपणी. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक निवृत्त नर्सबाई दुपारी बायकांना शिकवायच्या. कुणाला औषधाच्या बाटलीवरचे वाचायचे होते, कुणाला बसची पाटी. मला एकच पुस्तक वाचायचे होते, आणि तेही भांडायला.

ओळीखाली बोट धरून मी ते वाचले. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण पुस्तक चांगले आहे. वाईट असते तर बरे झाले असते, कधीच विसरले गेले असते. तो कारखान्याचा आवाज, तारेच्या तेलाचा वास, भावाच्या हातावरचे ओरखडे, सगळे अगदी तसेच. वाचताना माझेच घर माझ्यापुढे उभे राहिले, आणि मग त्याच घराच्या दारातून तो खोटा माणूस आत आला. मी दगडासारखी उभी होते असे त्यात आहे. डोळ्यांतला अश्रू पुढच्या पिढीसाठी राखून ठेवला म्हणे. मी दगडासारखी उभी नव्हते. मला उलटी झाली, ती भुशीच्या पायांवर झाली.

*

शुक्रवारी भाऊजी आले. गाडी खाली, दोन माणसे जिन्यात. वर येईपर्यंत त्यांना धाप लागली. बसले, रुमालाने मान पुसली.

"चहा नाही विचारलात, वहिनी."

"दूध नासलंय."

"मी आलो की तुमचं दूध नासतंच." ते हसले. मी हसले नाही. "बरं. रविवारी दोन वाक्यं बोला. त्यानं काय सांगितलं तेवढं. बाकी मी सांभाळतो."

"बाकी सगळं तुम्हीच सांभाळत आलाय. माझ्या नवऱ्यासकट."

"पुन्हा तेच."

"तुम्ही गेटवर नव्हतात, भाऊजी."

"नव्हतो. छापखान्यात होतो, पत्रकं काढत होतो."

"पुस्तकात त्याचं डोकं तुमच्या मांडीवर आहे."

"मग कुणाच्या होतं?"

"कुणाच्याच नाही. रस्त्यावर होतं. पोलिसांनी जवळ जाऊ दिलं नाही."

"रस्त्यावरचं डोकं लोकांना सोसत नाही, वहिनी. मांडी लागते." मग ते जरा खालच्या आवाजात बोलले. "तुरुंगात तो मला रोज दिसायचा. पिंपावर उभा, तोंड हलवत. मी तिथं नव्हतो, म्हणून जास्तच दिसायचा. जिथं नव्हतो तिथं मी स्वतःला नेऊन बसवलं. लिहिणारा दुसरं काय करतो?"

"बसा की. खुशाल बसा. पण वाक्य त्याच्या तोंडात का घातलंत? स्वतःच्या तोंडात घालायचं होतं."

"माझ्या तोंडचं कोण ऐकणार होतं? मी जिवंत होतो."

हे ते अगदी सहज बोलले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. निम्मं मिळालं होतं. मिटलं असतं."

"माहीत होतं. पण बाहेर हजारो माणसं उभी होती. त्यांना काय सांगू? आमच्या माणसाचा जीव गेला आणि आम्ही निम्म्यावर गप्प बसतो? त्यांनी मला फाडलं असतं."

"तुम्हाला फाडलं असतं. म्हणजे भीती तुमची, आणि शौर्य त्याचं."

त्यांचा चेहरा बदलला. मंत्र्याचा झाला. "हे बघा. मुलाचं तिकीट माझ्या हातात आहे. रविवारी वेडंवाकडं काही बोललात, तर तो जन्मभर माझ्या बॅगा उचलेल. तुमचाच मुलगा आहे. विचार करा."

"बोलेन दोन वाक्यं," मी म्हणाले.

त्यांना वाटले, मी ऐकले. जाताना त्यांनी वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले.

शनिवारी मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. लहानपणी ताप आला की बसायचा तसा, गुडघे जवळ घेऊन. "आई, खरं सांग. उद्या काय बोलणारेस?"

"जे झालं ते."

"मला बाबांचा चेहरा आठवत नाही. आवाज तर नाहीच. ते एक वाक्य आहे, तेवढाच माझा बाप आहे. तू तो पण काढून घेणार?"

"तुला दुसरा बाप देते ना. तो तारेचं भेंडोळं गळ्यात घालून नवरदेवासारखा चालून दाखवायचा. पालीला इतका भ्यायचा की पलंगावर चढायचा. तुला झोपवताना ओठांनी गाणं म्हणायचा, आवाज न काढता, आणि तू टक लावून बघत झोपायचास."

तो ऐकत होता. मला वाटले, त्याचे तोंड किंचित उघडले. मग त्याने गुडघे सोडले आणि उभा राहिला.

"पालीला भिणाऱ्याला मत कोण देणार, आई?"

"मत नको मागूस मग त्याच्या नावावर."

"दुसरं काय आहे माझ्याकडे?" तो म्हणाला, आणि दार आपटून गेला.

*

रविवारी चौक भरला होता. पुतळ्याच्या चौथऱ्यावर ते वाक्य कोरले आहे; वाचता येत नव्हते तेव्हा मला तिथून जाताना त्रास होत नसे. पुढच्या खुर्च्यांवर कारखान्यातली उरलीसुरली म्हातारी माणसे बसवली होती. त्यांत भुशी होती, काठीवर हनुवटी टेकून.

भाऊजी बोलले. लोक रडले, हसले, टाळ्या वाजल्या. मग माझे नाव पुकारले. मुलाने माझा दंड धरून मला माइकपाशी नेले. त्याची बोटे रुतत होती.

मी म्हणाले, "माझा नवरा पिंपावर उभा राहून मला म्हणाला, निम्मं मिळालं, पुरे, त्याला सांग मिटव आता. दुसरं काही म्हणाला नाही."

मला वाटले, आता भाऊजींचे काहीतरी कोसळेल. मी त्यांच्याकडे बघितलेसुद्धा. या एका क्षणासाठी मी इतकी वर्षे चिडून जगले होते.

तेवढ्यात चौथ्या-पाचव्या रांगेतून एक बाई उठली. पन्नाशीची, हातात पिशवी. मी तिला ओळखत नव्हते.

"मग आमची धाकटी बहीण कशासाठी गेली?" ती म्हणाली. माइक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आले. "संप लांबला तेव्हा दुधावाचून गेली ती. माझ्या मांडीवर. आई म्हणायची, जा हो कामावर. बाप म्हणायचा, तारवाल्यानं जीव देऊन सांगितलंय, मागं फिरायचं नाही. निम्मं मिळालं होतं तर ती कशासाठी गेली? सांगा ना, आजी! आता सांगताय होय?"

मी आताच सांगत नव्हते. पण ते तिला कसे सांगणार? पहिल्या आठवड्यातच सभेत सांगितले होते. त्या सभेत तिचा बापही असेल आणि त्यानेही माझ्या पाठीवरून हात फिरवला असेल. मी बोट भाऊजींकडे केले. "त्यांना विचार. त्यांना माहीत होतं."

भाऊजी उठले. घाई केली नाही. पायऱ्या उतरून ते त्या बाईपर्यंत चालत गेले, तिचा पिशवीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. डोळे भरले होते. ते डोळे खरे होते, हेच मला त्यांचे माफ करता येत नाही.

"ताई," ते म्हणाले, "तुझी धाकटी मागं फिरली नाही."

एवढेच. ती बाई त्यांच्या खांद्यावर कोसळून रडली. मागून कुणीतरी आवाज दिला, 'माझ्यावरून पाय देऊन जा,' आणि सगळा चौक उरलेले वाक्य म्हणाला. माझा मुलगा माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला. माझा दंड त्याने तेव्हा सोडला.

मी पाडायला गेले भाऊजींचे वाक्य, आणि त्याच्या आधाराने उभी असलेली ती बाई पडत होती. आणि तिला उचलायलाही भाऊजीच उतरले. माझ्याकडे नुसती हकिगत होती. त्यांच्याकडे तिच्या बहिणीसाठी जागा होती.

*

मुलाचे नाव त्याच दिवशी जाहीर झाले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आले की वीरपत्नीला भावना आवरल्या नाहीत. विरोधी पक्षाच्या पेपराने माझे वाक्य छापले खरे, पण खाली लिहिले की म्हणजे तारवाला मालकाला फितूर होता. मी त्यांच्या कचेरीत जाऊन भांडले. संपादक म्हणाला, "बाई, तुम्हीच तर सांगितलंत." मी त्याच्या टेबलावरचा पेपर फाडून त्याच्यापुढे टाकला आणि चालत घरी आले.

मुलगा निवडून आला. तो वेगळ्या घरात राहायला गेला. आठवड्याला ड्रायव्हर फळांची पिशवी घेऊन येतो आणि दारातूनच परत जातो. नातीने परीक्षेत धड्यातले उत्तर लिहिले, तिला पूर्ण गुण मिळाले. फोनवर तिने मला सांगितले. "दुसरं लिहिलं असतं तर बाईंनी कापले असते ना, आजी?" मी म्हणाले, "कापले असते."

भुशीशी मात्र मी भांडले. ती तिच्या खोलीबाहेर उन्हात बसली होती.

"तू का उठली नाहीस? तूही वाचलं होतंस."

"उठून काय करू? त्या पोरीला सांगू, की तुझी बहीण फुकट गेली?"

"खरं सांगायचं."

"तू सांगितलंस की. काय उजेड पडला?" तिने काठी माझ्या पायावर टेकवली. "सरक, माझ्या उन्हात उभी आहेस."

मी सरकले. तिच्या शेजारी पायरीवर बसले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याच्या आवाजात तिने ओठांनी विचारले, तो पिंपावर चढला तेव्हा त्याच्या पायात चप्पल होती का गं? मी ओठांनी म्हणाले, एकात होती.

भुशी, खिळ्यांच्या कारखान्यातली पिंपावरची बाई, माझा मुलगा पहिल्यांदा सभागृहात बोलला त्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी सरकारी दवाखान्यात वारली.